आतला खुंटा

आम्ही किन्हवलीकडचे. घरचं भात माघापर्यंत जेमतेम पुरायचं. मग वरी, आणि वरी संपली की रानातले कंद. बा उन्हाळाभर वाशिंदला गवताच्या वखारीत गठ्ठे दाबायला जायचा. गठ्ठा सैल निघाला की मुकादम तो लाथेनं उडवी. बाचा गठ्ठा कधी उडाला नाही. त्या कमाईवर मी मुंबईत शिकलो, बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यात तोवर कोणी सहीसुद्धा केली नव्हती. हे मी मिरवून सांगतो, कारण मिरवण्यासारखंच आहे.

लढाईच्या दिवसांत वाशिंदजवळ एका शेठनं कागदाचा छोटा कारखाना टाकला. मोठ्या रिळावरचा खाकी कागद मोटरनं ओढून छोट्या रिळांवर गुंडाळायचा, एवढंच काम. मोठं रीळ मोकाट सुटू नये म्हणून त्याच्या दांड्यावर चामड्याचा पट्टा आणि पट्ट्याला लोखंडी वजनं टांगलेली. हा ब्रेक. त्यावर आधी बा लागला, मागाहून देखरेखीला मी. कारखान्यामागच्या खोलीत आय, बा आणि मी असे तिघं राहायचो.

पावसाळ्यात कागद सर्द झाला आणि तुटू लागला. मोठं रीळ भरलेलं असताना नीट चाले. निम्म्याखाली आलं की फाटकन तुटे. जोड दिलेली रिळं व्यापारी परत पाठवी. शेवटी शेठ मला म्हणाला, "शनिवारपर्यंत एक रीळ अखंड काढा. नाहीतर ब्रेकवरचा म्हातारा बदला."

मला कारण ठाऊक होतं. रीळ बारीक होत जाईल तशी वजनं उतरवायला हवीत. पण कागद तुटला की बा उलट आणखी एक वजन चढवी.

घरी मी बाला अरेतुरे करायचो. कारखान्यात 'तू' म्हणावं तर माणसं हसत, 'तुम्ही' म्हणावं तर बाच हसे. "वजन जरा... उतरवलं तर..." असं अर्धवट बोलून मी थांबायचो.

"सैल गुंडाळू काय सायेब?" बा म्हणायचा. "सैल गठ्ठा कोन घेतो रे?"

भिंतीवर खडूनं वर्तुळ काढून त्रिज्या समजावली, तर मागून कोणी बोललं, "मास्तर, आमी पाटी आनू काय?" तेवढ्यात कागद पुन्हा तुटला. हात लांब करून वजन काढणं सोपं होतं. पण चार माणसांत बापाचं वजन मी कसं उतरवणार? मी नुसता तुकडे गोळा करीत राहिलो.

शनिवारी सकाळी आय नाचणी दळत होती. जात्याचा काठ फुटला होता, म्हणून पाथरवटानं खुंट्याचं भोक नव्यानं, बरंच आत पाडलं होतं.

"मेल्यानं खुंटा पार आत घातला," आय करवादली. "जातं तेच, नाचणी तीच, पन हात तुटाया आलं."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. म्हटलं, "बा, तू फिरव जरा."

"अगो बाय, आज बाप्या दळाया बसला!" आय हसली.

बानं दोन फेरे ओढले आणि थांबला. "जड हाय."

"जातं तेवढंच आहे, बा. खुंटा आत आला. रीळ बारीक झालं की कागदाला असंच आतून ओढावं लागतं. मग तो तुटतो."

बा हातांचं पीठ झटकून कामावर निघून गेला.

दुपारी रीळ निम्म्यावर आलं. मी हात मागे बांधून उभा होतो. दुसरं काय करणार? बा पट्ट्याकडे एकटक बघत होता. मग वाकून त्यानं एक वजन काढलं आणि जमिनीवर ठेवलं.

"काय रे म्हाताऱ्या, गठ्ठा सैल सोडलास?" कोणी टोमणा मारला.

"खुंटा आत आलाय," बा म्हणाला. कोणालाच कळलं नाही. थोड्या वेळानं त्यानं दुसरंही वजन काढलं.

ते रीळ एकही जोड न देता शेवटपर्यंत उतरलं, आणि बा ब्रेकवर राहिला.