मिशीवाला

योहेई बेसबॉलची जुनी कार्डं जमवायचा, पण जीव अडकला होता एकाच कार्डात. गोल, जाड पुठ्ठ्याचं, पोरांनी जमिनीवर आपटून खेळायचं. आपल्या फटक्याच्या वाऱ्याने समोरच्याचं कार्ड उलटलं की ते आपलं, आणि गेलेलं परत मागायचं नाही, हा ओसाकाच्या गल्लीतला कायदा. त्या कार्डावरच्या खेळाडूला थोरल्या भावाने, तामोत्सूने, शाईने झुबकेदार मिशा काढल्या होत्या. कोबेच्या गोदीवर कामाला जाताना त्याने ते धाकट्याच्या हातात ठेवलं. आणि या दिवट्याने ते आठवड्याच्या आत आपल्या दोस्ताशी, गिइचीशी, खेळताना घालवलं!

नववर्षाला तामोत्सू घरी आला. "मिशीवाला कुठाय?"

"हरलो, दादा."

"एवढीशी ठेव सांभाळता येईना होय रे तुला?"

हसतच म्हणाला असेल बिचारा. पण पुढच्या थंडीत न्यूमोनियाने गेला आणि तेवढंच वाक्य मागे राहिलं. तेव्हापासून योहेईने ध्यास घेतला, मिशीवाला शोधून भावाच्या फोटोपुढे ठेवायचाच.

शोधायला सोबत कुणाची? गिइचीचीच! "माझ्याकडून ते शेजारच्या साकाई गावच्या एका पोराने जिंकलं रे," असं तो गळ्याशपथ सांगायचा. देवळापुढच्या जुन्या बाजारात दोघं जन्मभर जोडीने गेले. "आजोबा, मिशीवाला आजही आला नाही बरं का!" दुकानदार चिडवायचे. "येईल, येईल. दाढी करायला गेलाय," गिइची म्हणायचा. मग दोघं गरमागरम ताकोयाकीचे गोळे खात घरी यायचे.

यंदा गिइचीने घर सोडून लेकाकडे राहायला जायचं ठरवलं. योहेई सामान बांधायला गेला. गिइचीची बायको सुमिए माळ्यावरून बिस्किटांचा डबा घेऊन आली. "भावोजी, कार्डं आहेत वाटतं. तुम्हीच न्या, यांना काय त्याचं!"

झाकण उघडलं. वरच मिशीवाला. त्याच्याखाली गिइचीचं ते वाघाचं कार्ड, ज्याच्या एका फटक्यात खेळ संपला होता. उचललं तर चांगलंच जड लागलं. कड उकलली होती. दोन कार्डं एकमेकांना चिकटवलेली, मध्ये पत्र्याचा तुकडा.

गिइची चहा घेऊन आला आणि दारातच थिजला.

"लहान होतो रे..."

"तेव्हा लहान होतास. आणि गेल्या महिन्यात बाजारात माझ्या शेजारी वाकून खोकी उपसत होतास, तेव्हा?"

"दर वेळी वाटायचं, आज सांगू. पण सांगितलं असतं तर तू माझं तोंड पाहिलं नसतंस."

"नसतंच पाहिलं!"

सुमिएने विचारलं, "अहो, मग ते साकाईचं पोर?"

गिइची पुटपुटला, "जिंकलेलं परत मागायचं नाही, असा आपला..."

"जिंकलेलं? पत्रा घालून? अरे, केसाने गळा कापलास माझा! आणि वर त्याच गळ्यात हात टाकून हिंडलास!"

योहेईने वाघ त्याच्यापुढे टाकला, मिशीवाला खिशात घातला आणि चहाला न शिवता निघाला.

घरी देव्हाऱ्यात तामोत्सूचा फोटो होता. योहेईने कार्ड त्यापुढे ठेवलं, उदबत्ती लावली, घंटी वाजवली. "दादा, सापडला," एवढंच म्हणायचं त्याने कधीचं ठरवून ठेवलं होतं.

"दादा," तो म्हणाला, "मी हरलोच नव्हतो रे." आणि एकोणीस वर्षांच्या त्या भावापुढे म्हातारा पोरासारखा ओक्साबोक्शी रडला.