अक्काच्या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर

जळगावच्या या दोन खोल्यांत एकट्यापुरतं वांगं गॅसवर भाजतो, तेव्हा करपलेल्या सालीच्या वासासरशी मी पहूरच्या शेतात जाऊन बसतो.

हिवाळ्यातली दुपार होती. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून झाली होती. थोरली अक्का ती सोलत होती, मी लाकडी बडगीत ठेचत होतो. धाकट्या सुनंदाच्या स्थळाला होकार कळवायचा म्हणून घरचे सगळे जमले होते.

सोलता सोलता अक्का म्हणाली, “भाऊ, पोऱ्या नरडाणाना कारखानामा शे म्हनतस. एकदाव जाईसन देखा ना.”

स्थळ मी आणलेलं. ठेचणं न थांबवता मी म्हणालो, “तुले सोतानं घर संभायता उनं नही, अन् आम्हले शिकाडस?”

अक्काला नवऱ्याने टाकलं होतं. सगळे हसले. काका म्हणाले, “मिटनं मंग.”

मलाही वाटलं, मी जिंकलो. तिने विचारलं होतं मुलाबद्दल, मी बोललो तिच्याबद्दल, हे तेव्हा कुणाच्या ध्यानातच आलं नाही. नरडाण्याला कोणी गेलं नाही. त्या कारखान्यात तो कधी कामालाच नव्हता, हे सुनंदाला लग्नानंतर कळलं. आता दोघी बहिणी धुळ्याला एकत्र राहतात. माझ्याकडे येत नाहीत.

त्या दुपारी अक्काने मान वर केली नाही. गरम साल बोटांना चिकटत होती, ती फुंकर घालत सोलत राहिली. मग केळीच्या पानावर पहिलं भरीत तिने मलाच वाढलं, आणि मी पुन्हा मागून घेतलं.