बारा वोल्टाची मोटार अन् धारूरचे पाव्हणे

लाईटीतलं मला आमच्या म्हशीइतकंच कळतं, असं गावात बोलतेत. म्हशीनं त्याचा लई राग धरलाय.

त्या साली दुष्काळ असा, की टँकर आला की लोकं वरात आल्यागत पळायचे. त्यातच धारूरचे पाव्हणे आमच्या पोरीला, सुनीताला, बघायला येणार! पाव्हण्याला दारात पाय धुवायला पाणी तर द्यावंच लागतं, अन् घरात पाणी एकच ड्रम. बायको म्हनली, "तांब्या तांब्या द्या. भागंल."

"तांब्या? मी नळ सोडतो, नळ! दुष्काळात चालू नळ बघून पाव्हणा जाग्यावर हो म्हनंल!"

नळ हुता न्हाणीवरच्या टाकीला, अन् टाकी ठणठणीत कोरडी. पर दूध सोसायटीनं सभासदांना एक मुठीएवढी मोटार दिलती, हौदात पाणी वढायला. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायची. आता चुलतभाऊ ट्रॅक्टर घिऊन ऊसतोडीला गेलता, बॅटरी त्याच्यातच. (बॅटरी ठिवून जा म्हनलं असतं, तर बिचारा ट्रॅक्टर ढकलत गेला असता.)

"मोटार घरच्या लाईटीवर लावतो, अन् ड्रमातलं पाणी टाकीत चढवतो," मी म्हनलं.

"अवो, ती बारा वोल्टाची हाय! घरच्या लाईटीला लावू नका म्हनून सेक्रेटरी घसा फोडून सांगत हुता."

"कावून? बारावर एवढी पळती, तर दोनशे तीसवर किती पळंल! म्हशीला जास्त पेंड घातली की जास्त दूध देती ना?"

"न्हाई. पोट फुगतं तिचं."

(ही बाई शाळेत गेली असती तर माझं काय झालं असतं!)

फाटकात टेम्पो थांबला. पाव्हणे उतरले. हीच येळ! दोन वायरी बोर्डात खुपसल्या, वरून काडेपेटीच्या काड्या ठोकल्या, अन् बटन दाबलं.

आई गं! मोटार अशी किंचाळली की सुनीता साडी नेसता नेसता भाईर आली! पाईप नागावानी उभा राहिला अन् म्हशीच्या तोंडावर पिचकारी! मी वला पाईप धरायला गेलो, तर असा झटका बसला की मी उकिरड्यावर! मोटारीतनं निळा जाळ, फट्ट! गल्लीची लाईट गेली. म्हशीनं दावं तोडलं, ड्रमला धडक दिली, अन् सगळं पाणी अंगणातनं वाहत थेट फाटकाखालनं भाईर.

होणारे व्याही आपल्या भिजल्या पायाकडं बघत म्हनले, "आमच्याकडं तांब्या देतेत बुवा."

मी उकिरड्यावरूनच हात जोडले. "या, बसा. च्या... म्हंजी..." च्याला थेंब न्हवता! बायकोनं माझ्याकडं असं बघितलं, की तो झटका बरा हुता. गेली सोयरीक!

तर व्याह्यांनी टेम्पोतनं पाण्याचा कॅन काढला. "असल्या सालात कुनाच्या घरी रिकाम्या हातानं जावं का?"

त्यांच्याच पाण्याचा च्या झाला. व्याह्यांनी सुनीताला इचारलं, "पोरी, तुला लाईटीतलं कळतं का?"

"एवढंच कळतं, की आण्णांना हात लावू द्यायचा न्हाई."

"पोरगी पसंत!" व्याही जाग्यावर बोलले.

लग्न धारूरला झालं. मला जनरेटरपासून लांब, गोठ्याच्या कडंला खुर्ची दिली. तिथं त्यांची म्हस निवांत बसलती. तिनं मला नीट बघितलं, अन् उठून जनरेटरजवळ जाऊन बसली!