उजवा कौल

मुंबईतला कारखाना बंद पडला आणि माझा थोरला भाऊ गावी परतला. चार महिने तो कुणाशी धड बोलला नाही. लेथवर हात बसलेला माणूस पडवीत नुसता नखं कुरतडत बसायचा. रत्नागिरीत माझं छोटं गॅरेज होतं. तिथल्या एका जुन्या परदेशी मासिकात त्याला बिनटपाची, दोन माणसांची मोटार दिसली. जुन्या गाडीची बॉडी घेऊन तशीच आपण बनवायची, असं त्याने ठरवूनच टाकलं. मला ते खूळ वाटलं. पण दादा बोलायला लागला होता, म्हणून मी हो म्हटलं.

बॉडी केळशीला मिळाली. माडांखाली एक जुनी मोटार पडून होती. आत नारळाची सोडणं भरलेली, सीटवर कोंबडी अंडी उबवत बसलेली. दादा तिच्या गोल मडगार्डवरून हात फिरवत राहिला. अडलं ते चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर. पोफळी गावात एकाकडे मोडीतल्या जीपची चासी होती, डोंगरात राहिलेली, खणखणीत. पण ती आखूड. तिच्यावर बसवायची तर बॉडी हातभर कापायला हवी होती, आणि दादा कापू देईना.

"हिची सोताची चासी हाय की," तो म्हणाला.

ती मी हातोडीने वाजवून पाहिली. पुढे ठणठणली. मागच्या चाकापाशी आवाज बसका आला. तिथलं डांबर खरवडलं, तर गंजाचे पापुद्रे सुटले. खारा वारा आत शिरला होता. दादा तेव्हा बॉनेट उघडून बघत होता. मी त्याला काही बोललो नाही, फक्त जीपचीच घेऊया म्हणून हेका धरला.

आमचं जमेना, तेव्हा दादाने ग्रामदेवतेला कौल लावला. गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना फुलांचे ओले कळे चिकटवले आणि गाऱ्हाणं घातलं: गाडीचीच चासी घ्यायची असेल तर उजवी दे. थोड्याच वेळात उजवा कळा पडला.

देवळाबाहेर चपला घालताना दादा हसत होता. किती दिवसांनी हसत होता! मधेच थांबून त्याने विचारलं, "तू वाजवून बघितलीस ना? धरंल ना रं ती?"

"धरंल, दादा."

तो जेवायला गेला असताना मी गंजलेल्या जागी आतून पट्टी वेल्ड केली. कुजक्या लोखंडावर वेल्डिंग टिकत नाही, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगायचो.

आठ महिन्यांनी गाडी रस्त्यावर आली. दादा चालवत होता, मी शेजारी. आरे-वारेच्या उतारावर पट्टीच्या कडेला चासी तुटली, मागचा भाग बसला आणि गाडी कडेच्या जांभ्या दगडाच्या गडग्यावर आदळली. मला खरचटलंसुद्धा नाही. दादाचा उजवा हात कोपरात जो वाकला, तो पुन्हा सरळ झाला नाही. लेथ कायमचा सुटला.

त्यानंतर दादाने कधी कौल लावला नाही. पालखी दारात आली की तो मागच्या पडवीत जाऊन बसतो. "देवाने फसवलान मला," म्हणतो. मी खाली मान घालून ऐकतो. देवाला त्याने एवढंच विचारलं होतं, की कुठली चासी घेऊ. ती धरेल का, हे मला विचारलं होतं.