अकरा यार्ड

लताचा हृषिकेश पाचवीत होता तेव्हापासूनच वर्गातल्या बाकात मावत नसे. जर्मनीतल्या वाल्डॉर्फ गावच्या शाळेत पोरं त्याला ‘श्रांक’ म्हणायची, म्हणजे कपाट. त्याने घरी हे कधी सांगितलं नाही, शेजारणीकडून लताला कळलं. प्रतापने, त्याच्या वडिलांनी, त्याला आधी पोहायला घातलं, मग ज्युडोला. दोन्हीकडून पोरगा मान खाली घालून परत आला.

मी बर्लिनची. लता माझी पुण्यापासूनची मैत्रीण, त्यामुळे हृषिकेश इथे इंजिनिअरिंगला आला तेव्हा रविवारी जेवायला माझ्याकडे यायचं, हे न बोलताच ठरलं. पहिल्याच वर्षी एका रविवारी दोन्ही दंडांवर काळेनिळे डाग घेऊन तो दारात उभा.

“नीतामावशी, मला टीममध्ये घेतलं. युनिव्हर्सिटीच्या. अमेरिकन फुटबॉल.”

“म्हणजे लाथा मारत पळायचं?”

“नाइन, तसं नाही. यात चेंडू हातात घेऊन पळतात.”

“आणि तू पळणार?”

“मी नाही गं. पळणारा वेगळा. मी त्याच्यापुढे उभं राहायचं. समोरून येतील त्यांना रेटायचं आणि त्याला वाट करून द्यायची. मला चेंडूला हातसुद्धा लावायचा नाही.” हे सांगताना त्याचा चेहरा नुसता फुलला होता. “कोच म्हणाला, असाच माणूस मला हवा होता.”

असाच माणूस! इतकी वर्षं ज्या अंगामुळे तो कोपऱ्यात बसला, तेच अंग कुणीतरी मागून घेतलं होतं.

त्याच्या मागून पळणाऱ्या मुलाचं नाव येन्स. शिडशिडीत, देखणा आणि बोलायला गोड. तो कधीकधी हृषिकेशबरोबर जेवायला यायचा, माझ्या आमटीची तारीफ करायचा आणि टेबलाखालून हृषिकेशला पाय मारून म्हणायचा, “हा नसता तर मी पहिल्याच मॅचला मेलो असतो.” हृषिकेश लाजायचा. मलाही तो मुलगा आवडायचा, हे खोटं कशाला बोलू.

मी मॅचेसना जायला लागले. खेळ मला कळत नव्हता, मी फक्त हृषिकेशकडे बघायची. शिट्टी वाजली की माणसांच्या दोन भिंती एकमेकींवर आदळायच्या, हृषिकेश त्या ढिगात दिसेनासा व्हायचा, आणि दुसऱ्या बाजूने येन्स सुटायचा. लगेच लाउडस्पीकरवर येन्सचं नाव, त्यापुढे आकडा. कोण किती यार्ड धावला, कोणी किती झेल घेतले, सगळं मोजणारी मुलं वर एका खोक्यासारख्या खोलीत बसलेली असत. टीमच्या इतिहासात कोणाच्या नावावर काय, हेही मधूनमधून वाचून दाखवत.

“तुझं काय मोजतात रे?” एकदा विचारलं.

“माझं? काही नाही. लाइनमधल्या माणसाला आकडाच नसतो.” आणि हसून म्हणाला, “चुकलो की मात्र सगळ्यांना दिसतं.”

दोन हजार चारच्या सप्टेंबरात त्यांची शेवटची मॅच होती. शिक्षण संपलं होतं, दक्षिणेत गाड्यांच्या एका कंपनीत हृषिकेशला नोकरी लागली होती. इंजिनांच्या चाचणी विभागात, त्याला हवी होती तीच. पंधरवड्याने रुजू व्हायचं होतं. आधीच्या मॅचमध्ये त्याचा गुडघा मुरगळला होता, तरी पट्ट्या बांधून तो उतरला आणि बराच वेळ खेळला. मग आपली टीम इतकी पुढे गेली की कोचने मुख्य मुलांना बाहेर बसवून नव्यांना पाठवलं. हृषिकेश बाकावर येऊन गुडघ्यावर बर्फ धरून बसला. मी त्याच्या अगदी मागे, मध्ये फक्त लोखंडी कठडा.

आणि लाउडस्पीकर बोलला: येन्सला सर्वात जास्त यार्ड धावण्याचा टीमचा विक्रम मोडायला फक्त अकरा यार्ड हवेत. लोकांनी लगेच अकराचा ताल धरला, “एल्फ! एल्फ! एल्फ!” कोचने घड्याळाकडे पाहिलं, प्रेक्षकांकडे पाहिलं आणि हात हलवून येन्सला उठवलं.

येन्स हृषिकेशसमोर येऊन उकिडवा बसला. “येतोस ना?”

“गुडघा सुजलाय.”

“दोनच डाव. त्या नव्या पोरांमागून मला नाही जमायचं. शेवटची मॅच आहे, हृषी.”

मी मागून मराठीत म्हटलं, “अरे, जाऊ नकोस.” हृषिकेशने वळून माझ्याकडे पाहिलं. “मावशी, मित्र आहे माझा,” म्हणाला, बर्फाची पिशवी खाली ठेवली आणि हेल्मेट चढवलं.

पहिल्या डावात येन्स थोडाच सरकला. दुसऱ्या डावात हृषिकेशने समोरच्या पोराला असं उचलून बाजूला केलं की मधे दार उघडल्यासारखं झालं, आणि त्या दारातून येन्स पार दूर निघून गेला. तेवढ्यात दुसरा कोणीतरी बाजूने कोसळला तो थेट हृषिकेशच्या पायावर. पाय नको त्या दिशेला गेलेला मी डोळ्यांनी पाहिला. तो ओरडला असणार, पण मैदान एवढं गर्जत होतं की ऐकूच आलं नाही. सगळी टीम तिकडे धावली, त्यांनी येन्सला खांद्यावर घेतलं. इकडे हृषिकेश एकटा गवत मुठीत धरून पडलेला. मी पन्नाशीची बाई, कठडा ओलांडून आत गेले. डॉक्टर माझ्यानंतर आला.

दोन ऑपरेशनं झाली. लता वाल्डॉर्फहून येऊन माझ्याकडे राहिली. कंपनीतल्या बाईने फोनवर फार गोड आवाजात सांगितलं की त्यांना उभ्याने काम करणारा माणूस लगेच हवाय, बरे झालात की पुन्हा अर्ज करा. बरा झाला तेव्हा जागा नव्हती. येन्स हॉस्पिटलमध्ये एकदाच आला. चॉकलेटं आणली, “हा आपला दोघांचा विक्रम,” म्हणाला आणि नव्या नोकरीच्या ट्रेनिंगला उशीर होतोय म्हणून गेला.

हृषिकेशला पुढे फ्रँकफर्टबाहेर एश्बॉर्नला काम मिळालं, एका सल्लागार कंपनीत दिवसभर स्क्रीनपुढे बसायचं. इंजिनाचा वास येत नाही तिथे. गुडघा पुरता वाकत नाही, एस-बानच्या, म्हणजे लोकलच्या स्टेशनचा जिना तो कठडा धरून उतरतो.

दोन हजार आठमध्ये टीमचा वर्धापनदिन आला. जुन्या सगळ्या खेळाडूंना बोलावणं होतं. “चल ना माझ्याबरोबर,” हृषिकेश म्हणाला, म्हणून मी गेले. विक्रमवाल्यांना एकेक करून मंचावर बोलावत होते: सर्वात जास्त झेल, सर्वात जास्त गुण, आणि शेवटी येन्स. तो आता कुठल्याशा विमा कंपनीत मोठा झाला होता. माइक हातात घेऊन म्हणाला, “तुम्हाला एक गंमत सांगतो. माझी त्या शेवटच्या मॅचमधली एक मोठी धाव चुकून दुसऱ्याच्या नावावर लिहिली गेली होती. नंतर व्हिडिओ बघून कळलं, विक्रम हाफटाइमच्या आधीच झाला होता! ते शेवटचे अकरा यार्ड मी उगाच धावलो!”

अख्खा हॉल हसला. मी हृषिकेशकडे पाहिलं. तो हसत नव्हता आणि रडतही नव्हता. ग्लास खाली ठेवून लंगडत मंचाच्या पायऱ्यांशी जाऊन उभा राहिला. मी त्याच्या मागे.

येन्स उतरला, त्याला मिठी मारायला पुढे झाला.

“तुला कधी कळलं?” हृषिकेशने विचारलं.

“ते? त्याच हिवाळ्यात.”

“मला सांगितलं नाहीस.”

येन्स जरा गोंधळला. मग खांदे उडवून म्हणाला, “आल्झो... म्हणजे, सांगून काय झालं असतं? तुझा पाय परत आला असता?”

“नाही. पण तू परत एकदा आला असतास.”

येन्सने तोंड उघडलं, तेवढ्यात कोणीतरी फोटोसाठी हाक मारली आणि तो गेला. खरंच गेला.

परतताना आम्ही यू-बानने, भुयारी रेल्वेने निघालो. माझं स्टेशन आलं तेव्हा हृषिकेश एवढंच म्हणाला, “मावशी, तू नको म्हणाली होतीस.” मला वाटलं, या मुलाने निदान आज तरी दुसऱ्याला दोष द्यावा.

गेल्या वर्षी एश्बॉर्नजवळच्या एका क्लबने त्याला विचारलं, आमच्या मुलांच्या लाइनला शिकवायला याल का. लताला वाटलं, यातून पोरगं सावरेल. तिने मला फोन करून गळ घातली, तू समजाव, तुझं ऐकतो. मी विचारलं त्याला. तो म्हणाला, “दुसऱ्याच्या आकड्यासाठी पोरांना कसं पडायचं, ते मी नाही शिकवणार.”

मी लताला कळवलं की तो नाही म्हणतोय. त्याला समजवायचा प्रयत्न मी केला नाही.