देवघरावरचे झाकण

शनिवार, १८ जानेवारी २०२५, ॲन आर्बर, मिशिगन. पाहुण्यांच्या खोलीच्या छतावरील डाग परातीएवढा झाला आणि त्यातून पाणी ठिबकू लागले. बाहेर पाऊस नव्हता, थंडी तेवढी जरा उतरली होती. त्याच दिवशी, कसलीही चौकशी न करता, त्या डागाचा दोष वीणाताई कानडे, वय चौऱ्याहत्तर, यांच्या स्वयंपाकावर पुन्हा एकदा ठेवण्यात आला.

ठेवणारा त्यांचा मुलगा नकुल. नोव्हेंबरात डाग प्रथम दिसला तेव्हाच त्याने निकाल देऊन टाकला होता: फोडणीची वाफ. तेव्हापासून वीणाताई गॅरेजमध्ये विजेच्या शेगडीवर, अंगात जाकीट घालून आणि कानाला स्कार्फ बांधून, भाजी फोडणीला टाकत. तिथे तेल तापायला वेळ लागतो. माणूस गारठायला लागत नाही. अठरा तारखेला त्यांनी कढई घासून पालथी घातली आणि शांतपणे सांगितले, "माझं परतीचं तिकीट काढ. पुण्यात माझ्या फोडणीनं कुणाचं छत गळत नाही."

हे ऐकत होती सून सुचित्रा. ती विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी करते. बंद वस्तू उघडून पाहण्याची खोड तिला लहानपणापासूनची. आहेरात आलेला मिक्सर तिने वापरण्याआधी उघडून पाहिला होता, हे सासरी अजून सांगितले जाते. सासू जाऊ नये असे तिला मनापासून वाटत होतेच. पण त्याहून एक साधा प्रश्न तिला स्वस्थ बसू देईना. फोडणी दोन महिने गॅरेजमध्ये होती, तर मग डाग वाढला कसा?

"छप्पर लीक होत असेल. आता डिटेक्टिव्हगिरी नको यार," नकुल म्हणाला.

"काल फोडणी होती, आज छप्पर झालं?"

उत्तर ॲटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर होते, आणि माळ्याचे झाकण होते देवघराच्या बरोबर डोक्यावर. हे घर २०१९ साली उल्हासकाका नावाच्या निवृत्त डॉक्टरांकडून घेतलेले. वरच्या मजल्यावर कपडे ठेवण्याच्या खोलीत काकांनी देवघर मांडले होते. खरेदीआधी तपासणीला आलेला इन्स्पेक्टर शिडी घेऊन तिथे पोहोचला, तेव्हा काका हात जोडून म्हणाले, "देव हलवावे लागतील. बघा बुवा, तुमची मर्जी." आपल्या माणसाने असे म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? "राहू दे काका," असे नकुल म्हणाला आणि सुचित्रानेही मान डोलावली. इन्स्पेक्टरने खांदे उडवले. पुढे कानड्यांचे देव त्याच जागी बसले आणि झाकण तसेच राहिले. तीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेणारी शिकलेली माणसे भिडेखातर अर्धे घर न पाहता सही करतात, आणि त्याला संस्कार म्हणतात.

पुढच्या आठवड्यात, पुन्हा कडाक्याची थंडी पडलेली असताना, सुचित्राने डग नावाचा इन्स्पेक्टर बोलावला. देवघरापाशी तो थबकला. नकुलही थबकला.

"सरका रे दोघं," म्हणत वीणाताईंनी देव ताम्हणात उतरवले. "रोज अंघोळीला उतरतात, आज शिडीसाठी उतरले."

डग वर चढला. मागोमाग सुचित्रा.

"अगं, पडशील!" नकुल खालून ओरडला.

"पडले तर छताला आणखी एक डाग."

वर गेल्यावर डगने आधी टॉर्च विझवला. तिला नवल वाटले.

"अंधारात छपराच्या भोकांतून उजेड दिसतो," तो म्हणाला. कुठेच दिसला नाही. छप्पर शाबूत होते. मग त्याने कडेचे हवेचे झरोके बुजले नाहीत ना ते पाहिले, लाकडावर नखाने खरवडले. जागोजागी काळी बुरशी निघाली. "आता खिळे पाहा."

छपरातून आत आलेल्या प्रत्येक खिळ्याच्या टोकावर दवाचा थेंब गोठून पांढरा झाला होता. साबुदाण्यासारखा. सुचित्रा सगळे विसरून बघतच राहिली.

"थंडी उतरली की हेच खाली गळतं. वाफ घरातूनच येतेय."

"स्वयंपाकघरातून?"

"नळ्या शोधू या."

स्वयंपाकघराच्या पंख्याची नळी सरळ छपरातून बाहेर गेली होती. तिने सांधे चाचपले, कोरडे ठणठणीत. दुसरी, बाथरूमच्या पंख्याची नळी मात्र पाहुण्यांच्या खोलीवर इन्सुलेशनच्या कापसात आ वासून पडली होती. भोवतालचा कापूस भिजून चपटा झाला होता. तेवढ्यावर तिचे समाधान होईना.

"नकुल!" तिने वरून हाक मारली. "आपल्या बाथरूममधला फॅन लाव, आणि शॉवर गरमवर सोड!"

थोड्या वेळाने नळीच्या तोंडातून पांढरीशुभ्र वाफ बाहेर पडू लागली.

"काय दिसलं गं?" खालून वीणाताई.

"आई, तुमचा मुलगा रोज अर्धा तास अंघोळ करतो ना, ती सगळी इथं साठली आहे."

खाली शॉवर बंद झाला. मग गॅरेजचे दार वाजले. नकुल कढई दोन्ही हातांत धरून स्वयंपाकघरात आला.

"आई, तिकीट..."

"एप्रिलचं काढ. आणि तोवर तू बादलीनं अंघोळ कर."

नळी डगच्या ओळखीच्या कारागिराने छपराबाहेर नेली. छत रंगवून झाले. दोष ठेवताना जेवढा आवाज झाला होता, तेवढा माफी मागताना झाला नाही, हेही नोंदवणे भाग आहे.

वाचकांनो, आपल्या घराच्या माळ्याचे झाकण या आठवड्यात उघडा. खाली देव असतील तर हलवा. शिडी लावा, वर चढा आणि बाथरूमच्या पंख्याची नळी कुठे संपते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. तोपर्यंत घरातल्या कुणालाही गॅरेजमध्ये पाठवू नका.