दहा नंबरचा पाना

माहेर आणि सासर मिळून कॉलेजची पायरी चढलेली पहिली बाई मी. हे मी आधीच सांगून टाकते, कारण सांगितलं नाही तर लोक सोयीने विसरतात. लोणखेड्याला ज्युनिअर कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवते. घर कोरीटला. मधे प्रकाशा गावाजवळचा तापीवरचा पूल. काही वर्षं हे अंतर एस.टी.ने आणि काळीपिवळीने काटलं, मग माझ्या पगारावर गाडी घेतली. कोरी करकरीत, शोरूममधून काढलेली. चालवायला मीच शिकले आणि मीच चालवायची. घरात ट्रॅक्टर दोन, पण कार चालवणारी मी एकटी.

वर्षही झालं नव्हतं. एका सकाळी पूल उतरून वळण घेत होते. टुंग असा आवाज आला, समोर पिवळा दिवा लागला आणि स्टेअरिंग जड झालं. जड म्हणजे हापसा जाम झाल्यावर दांडा जसा हलत नाही, तसं. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर येत होता. मी अक्षरशः चाकावर ओणवी होऊन, दोन्ही हातांनी ओढून गाडी कडेला घेतली. ट्रॅक्टरवाला शिवी देऊन गेला. गाडी बंद करून पुन्हा चालू केली तर स्टेअरिंग लोण्यासारखं फिरायला लागलं. दिवा मात्र तसाच.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. त्यांनी त्यांच्या मोठ्या भावाला, म्हणजे माझ्या जेठांना सांगितलं. इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात सून जेठांशी बोलत नाही. भांडण म्हणून नाही, रीत म्हणून. समोर आले की डोक्यावर पदर, आणि काही सांगायचं असेल तर नवऱ्यामार्फत नाहीतर सासूबाईंमार्फत. वर्गात साठ पोरांपुढे ओरडून शिकवणारी मी, घरात जेठांना "चहा घ्या" हेसुद्धा भिंतीला सांगत होते. त्याचं मला कधी फारसं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसले तर दिवा गायब. गाडीतलं घड्याळ बारा वाजून काही मिनिटं दाखवत होतं. वाजले होते सात. मला ते खटकलं, पण शोरूमला जायची घाई होती. रजा टाकून नवऱ्याला घेऊन नंदुरबारला गेले. तिथल्या सल्लागाराने गाडीला मशीन जोडलं, बघितलं, आणि माझ्याकडे न बघता नवऱ्याला विचारलं, "सर, गाडी कोण चालवतं?"

"मिसेस."

"अच्छा," तो म्हणाला. त्या एका अच्छामध्ये त्याचं सगळं निदान होतं. मशीनमध्ये काहीच दोष दिसत नाही, आणि अशी तक्रार घेऊन येणारे तुम्हीच पहिले, असं त्याने सांगितलं. नव्या ड्रायव्हरला कधीकधी तसं वाटतं, असंही. मी म्हटलं, वाटणं आणि दिवा लागणं यात फरक असतो. तो नवऱ्याकडे बघून हसला. वाईट याचं वाटलं की नवराही थोडा हसला.

दुसऱ्यांदा झालं ते लोणखेड्यात कॉलेजच्या फाटकात वळताना. तिसऱ्यांदा समशेरपूरच्या अलीकडे. दर वेळी गाडी बंद-चालू करून मी घरी आणायची, दर वेळी सकाळी दिवा विझलेला आणि घड्याळ भलतंच, दर वेळी शोरूमचं मशीन म्हणायचं सगळं ठीक. आता मला शोरूमचाच संशय यायला लागला. मी मोबाइलवर शोधलं तेव्हा त्याच गाडीच्या मालकांचा एक गट सापडला. कुणी विदर्भातला, कुणी कोकणातला. कुणाची ब्रेकची तक्रार, कुणाचा दरवाजा चालत्या गाडीत उघडला होता, आणि सात-आठ जणांचं स्टेअरिंग माझ्यासारखंच वळणावर दगड झालं होतं. प्रत्येकाला सांगितलं होतं, तुम्हीच पहिले. पुरुषांना विचारलं होतं, बाहेरच्या मेकॅनिककडे नेली होती का. बायांना विचारलं होतं, कोण चालवतं.

ते वाचताना बरं वाटलं आणि भीतीही वाटली. इतके जण पहिले कसे असतील?

पण घरात गटातल्या पोस्टींना कोण विचारतो. सासूबाईंनी एका जेवणात सगळ्यांदेखत निकाल दिला. "बाईमाणूसना हातनं ते काम नही. आते मोठा चालाडी, तुले सोडी दी." म्हणजे आता जेठ गाडी चालवतील, मला कॉलेजला सोडतील आणि संध्याकाळी आणतील. मिरची तोडणीच्या दिवसांत जेठ मला कसे सोडणार, हे सगळ्यांना कळत होतं. सोडणं जमलं नाही की एस.टी., आणि एस.टी. चुकली की "राहू दे ना आज". अशी राहू देत राहू देत घरी बसलेली एक बाई आमच्याच गल्लीत आहे. तीही शिकवायची. नवरा म्हणाला, शेवटची एकदा शोरूमला दाखवू. पुन्हा काही निघालं नाही तर चावी दादाकडे.

म्हणून या खेपेला नवऱ्याला घेऊन गेले तेव्हा मी सल्लागाराला टाळून थेट आत वर्कशॉपमध्ये गेले. तिथे एक वयस्क मेकॅनिक होते. त्यांनी मशीन लावलं, मग घड्याळाकडे बघितलं आणि विचारलं, "ताई, बॅटरी काढता का तुम्ही?"

मी म्हटलं, मी कशाला काढू.

त्यांनी समजावलं. दोष आला की गाडी त्याची आपल्या मेमरीत नोंद करते, दिवा नुसता दिसायला असतो. बॅटरीची तार सोडली तर या गाडीत घड्याळाबरोबर ती नोंदही जाते. मग मशीनला दिसणार काय? "कुणीतरी काढतंय," ते म्हणाले.

मला वाटलं, हे आता आमच्यावर ढकलतायत. घरी येईपर्यंत मी नवऱ्याशी बोलले नाही. मग विचारलं, बॅटरीला हात लावता का? ते म्हणाले, बोनेट कुठून उघडतं तेसुद्धा मला माहीत नाही. ते खरं होतं. मग माझ्या डोक्यात काय काय आलं ते लिहायला लाज वाटते. वाटलं, हे खोटं बोलतायत. वाटलं, मी घरी बसावं म्हणून ठरवून चाललंय. नवऱ्याच्या चपला ओट्यावर आहेत की गाडीजवळ, हेसुद्धा मी बघायला लागले. दोन दिवस त्यांना डब्यात काय हवं तेही विचारलं नाही. जेठ मिरची तोडणीत अडकले होते म्हणून चावी अजून माझ्याकडे होती, पण दोष दाखवल्याशिवाय ती राहणार नव्हती, एवढं पक्कं होतं.

चौथ्यांदा झालं ते गावातच, आमच्या खळ्याच्या वळणावर, कॉलेजहून परतताना. खळ्यात लाल मिरची वाळत पसरलेली, तिच्यावर गाडी जाईल म्हणून मी जिवाच्या आकांताने चाक ओढलं आणि कुंपणाला टेकून थांबले. किल्ली तशीच ठेवली, दिवा तसाच ठेवला, आणि शोरूमला फोन लावायला घरात गेले. फोन लागेना म्हणून पुन्हा बाहेर आले तर बोनेट उघडं. जेठ वाकलेले. हातात दहा नंबरचा पाना.

ट्रॅक्टर रुसला, मोटर रुसली, स्टार्टरने दगा दिला, की जेठ पहिल्यांदा बॅटरीची तार सोडतात, बिडी ओढतात आणि तार पुन्हा बसवतात. "यंत्रलेबी इसावा लागस," असं त्यांचं म्हणणं. ट्रॅक्टरला चालतं ते. तीन सकाळी मी चुलीपाशी असताना त्यांनी माझ्या गाडीलाही तोच विसावा दिला होता, आणि मला सांगितलं नव्हतं, कारण मला काही सांगायची रीतच नव्हती. मीही विचारलं नव्हतं, कारण विचारायची रीत नव्हती. मी नवऱ्याला विचारत बसले आणि नवऱ्याला खरंच माहीत नव्हतं.

नवरा शेतात होता. सासूबाई मिरची उलटत होत्या. त्यांच्यामार्फत सांगेपर्यंत तार सुटली असती.

मी म्हटलं, "दादा, तो पाना खाले ठेवा. बॅटरीले हात लावू नका."

सासूबाईंच्या हातातली मिरची तशीच राहिली. जेठ सरळ उभे राहिले. माझ्याकडे बघितलं नाही. सासूबाईंना म्हणाले, "तिले सांग, मी गाडी बिघाडी नही ऱ्हायनू. मी तं चांगलीच करी ऱ्हायनू."

"माले माहीत शे," मी थेट त्यांनाच म्हटलं. "पन तार काढी का दोष पुसाई जास. मंग शोरूमवाला म्हनतस, बाईले चालाडता येत नही."

त्यांनी पाना खिशात घातला. बोनेट लावलं. मग दिव्याकडे बघून सासूबाईंना म्हणाले, आसंच ऱ्हाऊ दे म्हना, मी वढी लई जास.

ट्रॅक्टरला दोर बांधून त्यांनी गाडी नंदुरबारपर्यंत ओढत नेली. चाक धरायला गाडीत कुणीतरी हवं होतं, ते मी धरलं. सगळा रस्ता दोन्ही दंड भरून आले. प्रत्येक वळणाआधी जेठ ट्रॅक्टर अगदी हळू करायचे, मान मागे वळवून बघायचे, आणि मी वळले की पुढे. असं आम्ही शोरूमला पोचलो. ट्रॅक्टरमागे कार बघून तिथले दोघे-तिघे हसले.

मशीन लावलं. या वेळी पडद्यावर लाल अक्षरांत नोंद आली. वयस्क मेकॅनिक माझ्याकडे बघून फक्त मान हलवून गेले. जेठ मधल्या वेळात गाडीत बसून चाक फिरवून बघत होते. खांद्याने जोर लावूनही ते नीट फिरेना. उतरले तेव्हा दंड चोळत होते. सल्लागार लगबगीने त्यांच्याकडे गेला, काका, स्टेअरिंगची मोटर बदलून देऊ, किरकोळ आहे, वगैरे समजवायला लागला.

जेठ म्हणाले, "गाडी ती चालाडस. तिले सांग."

एवढं म्हणून ते बाहेर ट्रॅक्टरवर जाऊन बसले.

मोटर बदलायला कंपनीकडून भाग यायला दिवस लागले, तोवर मी एस.टी.ने गेले. गाडीची दुसरी चावी घरात खुंटीवर होती, तिला कुणी हात लावला नाही. गाडी घ्यायला गेले तर कामाच्या कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं की ग्राहकाच्या विनंतीवरून भाग बदलला. माझ्या आधीच्या सात पिढ्यांनी न वाचता अंगठे दिले, म्हणून मी वाचल्याशिवाय सही करत नाही. मी म्हटलं, मी विनंती केली नव्हती, स्टेअरिंग बंद पडलं होतं, तसं लिहा. सल्लागार म्हणाला, मॅडम, तसा रकानाच नाही. मी समासात मराठीत स्वतः लिहिलं आणि मग सही केली. त्या कागदाचा आणि पडद्यावरच्या नोंदीचा फोटो गटावर टाकला, आणि खाली लिहिलं की कुणीही बॅटरीची तार सोडू नका.

सासूबाई महिनाभर गाडीबद्दल काही बोलल्या नाहीत. शेजारणींना सांगत होत्या ते एवढंच, की सून जेठाला तोंडावर बोलली. त्यापुढे स्टेअरिंगची काय किंमत.

एका सकाळी कॉलेजला निघताना त्या सल्लागाराचा फोन आला. पहिल्यांदाच माझ्या नंबरवर. मॅडम, तुमचं काम झालं ना, मग ती गटावरची पोस्ट काढून टाका, वरून विचारणा होतेय. मी विचारलं, तीच मोटर असलेल्या बाकीच्या गाड्या तुम्ही बोलावताय का? तो म्हणाला, तशी काही सूचना नाही.

मी पोस्ट काढली नाही. गाडी काढली. नवी मोटर ठीक चालते, पण पुलाच्या अलीकडे रस्ता मोकळा बघून मी रोज एकदा चाक डावी-उजवीकडे हलवून बघते. दोष मी पकडला, मोटरही मीच बसवली असती तर गोष्ट वेगळी. बसवली शोरूमवाल्यांनी आहे.